सहलीची मोजणी

"निसर्ग कधी चूक करत नाही. तो फक्त माणसांचे निरनिराळे नमुने घडवून पाहतो," असं मी दोन्ही हात टेबलावर टेकवून अत्यंत गंभीरपणे म्हणालो, तेव्हा चौकशी अधिकारी निकमसाहेबांनी चष्मा काढला.

"तारळेकर सर, निसर्गाचं नाव साक्षीदारांच्या यादीत आहे का?"

"नाही, साहेब."

"मग त्याचं राहू द्या. आपण शशिकलाबाईंच्या वतीनं बोला."

खोलीत सहा माणसं होती. त्यातली चार हसली. पाचवा मी. सहावी माझी थोरली बहीण, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती खिडकीबाहेर बघत होती. सायकल-स्टँडच्या पत्र्यावर दोन साळुंक्या भांडत होत्या. आपण पुन्हा वर्गात उभं राहणार की नाही हे ठरत असताना आक्का साळुंक्यांचा निकाल लागण्याची वाट बघत होती. निकमसाहेबांनी ते पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

याला आता चौदा वर्षं झाली. आक्का आमच्या संस्थेच्या कन्याशाळेत भूगोल शिकवायची. मी त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायचो. हा विषय मुलं घेतात कारण त्यात गुण पडतात; तर्काशी त्यांचा काही संबंध नसतो. खातेनिहाय चौकशीत कर्मचाऱ्याला एक बचाव सहायक घेता येतो, आणि तो संस्थेतलाच असावा लागतो. आक्कानं तिघांना विचारलं होतं. एकाच्या मुलीचं लग्न निघालं, एकाची पाठ धरली, आणि तिसऱ्यानं खरं सांगितलं की मला भीती वाटते. मग मी उरलो.

प्रकरण साधं होतं. डिसेंबरात सहावीच्या मुलींची सहल डोंगरातली लेणी बघायला गेली. यादीत सेहेचाळीस मुली. बरोबर यायच्या त्या दुसऱ्या बाईंना आदल्या दिवशी ताप आला; मुख्याध्यापक बाबर सर म्हणाले, गाडी ठरलीय, तुम्ही एकट्या जा. दुपारी चार वाजता आक्कानं गाडीत मुली मोजल्या आणि गाडी निघाली. साडेसातला गाडी शाळेच्या फाटकात आली. मुली उतरल्या, आपापल्या आईबापांचा हात धरून गेल्या. शेवटी गणपत घोंगडे नावाचा एक माणूस रिकाम्या गाडीच्या दाराशी उभा राहून आत बघत राहिला. त्याची वृषाली उतरलीच नव्हती.

वृषाली लेण्यांमागं लघवीला गेली होती. प्रत्येक मुलीला एक जोडीदारीण नेमून दिलेली असते. हिची जोडीदारीण गाडीत चढताच ओकली आणि मैत्रिणीच्या मांडीवर डोकं टाकून झोपली. तिथल्या रखवालदाराच्या बायकोनं वृषालीला घरात घेतलं, भाकरी आणि पिठलं खायला घातलं. बाप जीप करून पोचला तोवर दहा वाजले होते. मुलीला खरचटलंसुद्धा नव्हतं. फक्त ती पुढं दोन महिने एकटी न्हाणीत जाईना.

आक्काला निलंबित केलं. त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. आक्काच्या हातून काही हरवलं की गावात कुणी नवल करत नसे. तिच्या घरात हजेरीपट कणकेच्या डब्यात सापडायचा आणि दुधाची पिशवी पुस्तकांच्या कपाटात. तीन कुकर तिनं जाळले होते. लग्न ठरलं होतं एकदा. मुलाकडचे बघायला आले तेव्हा ही त्यांना चहा ठेवते म्हणून आत गेली आणि मागच्या दारानं शेजारणीच्या घरी मांजरीची पिल्लं बघायला निघून गेली. चाळीस मिनिटांनी परत आली, तर दारात फक्त आमचे वडील उभे होते.

पण वर्गात तिला बघायला हवं होतं. नद्या शिकवायच्या असल्या की ही मुलींना मैदानात न्यायची, बादलीभर पाणी ओतायची आणि ते कुठं वाहतं त्याच्यामागं सगळा वर्ग पळायचा. तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू यायची नाही. पुढच्या तासाच्या बाई मैदानाच्या कडेला उभ्या राहून ओरडायच्या, "शशिकलाबाई, माझं गणित!" आणि आक्का म्हणायची, "आलेच हं, कृष्णा फक्त समुद्राला मिळू दे."

निलंबनानंतर मीच तिला सांगलीला डॉक्टर इनामदारांकडे नेलं. ते मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी दोन तास प्रश्न विचारले, माझ्याकडून लहानपणाची माहिती घेतली, आणि शेवटी म्हणाले, "बाई, याला एडीएचडी म्हणतात. तो तुम्हाला जन्मापासून आहे. लक्ष नसतं असं नाही. लक्ष कुठं जायचं हे तुमच्या हातात राहत नाही."

आक्कानं तो शब्द पुटपुटून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे मी आळशी नाही?"

"नाही."

"बेफिकीर?"

"नाही हो."

तिनं पदर डोळ्यांना लावला. "चव्वेचाळीस वर्षं घरात दारात सगळे मला हेच म्हणत आले, डॉक्टर. हा पण म्हणायचा." हा म्हणजे मी. मी भिंतीवरचा मेंदूचा तक्ता बघू लागलो.

"मग हे अपंगत्व का?" मी विचारलं. चौकशीच्या दृष्टीनं तो महत्त्वाचा मुद्दा होता.

"सर, चष्मा लागतो त्याला आपण अपंग म्हणतो का? नाही म्हणत. पण चष्मा काढून त्याला गाडी चालवू देतो का? तेही नाही. आता याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी गोळ्या लिहून देतो, आणि एक वही ठेवायला सांगतो."

"वही हरवेल," आक्का म्हणाली.

"गळ्यात बांधा."

ती हसली. त्या दिवशी येताना गाडीत ती सारखी बोलत होती. तिला वाटत होतं आता सगळं सुरळीत होणार, कारण आता त्याला नाव मिळालं होतं.

नावानं दोन वाटा निघाल्या. संस्थेचे सचिव घरी येऊन सांगून गेले की बाईंनी स्वतःला असमर्थ म्हणून लिहून द्यावं. डॉक्टरांचा कागद आहेच. नोकरी जाणार नाही, पगार चालू राहील, फक्त मुलींजवळ काम देता येणार नाही. दप्तरखान्यात एक खुर्ची आहे. दुसरी वाट म्हणजे लढायचं: हा दोष नव्हे, माणसामाणसातला फरक आहे, बाईंना त्यांचा वर्ग परत द्या. सावळ्या-गोऱ्यात जसा फरक, डावऱ्या-उजव्यात जसा फरक, तसा हा. मला ही दुसरी वाट फार आवडली. मी तीन रात्री बसून पंधरा पानं लिहिली. त्यात उत्क्रांती होती, शिकारी माणूस होता, टोळीतला एकजण चौफेर नजर ठेवणारा कसा लागायचा ते होतं.

आक्कानं ती पानं वाचली. म्हणजे चार वाचली, पाचवं हातात धरून बाहेर भाजीवालीशी बोलायला गेली आणि येताना मेथी घेऊन आली. पान तिथंच राहिलं.

"छान लिहिलंयस," ती मेथी निवडत म्हणाली. "पण मन्या, मी अपंग नाही म्हटलं, तर मग ती पोर मी मागं ठेवली ती का?"

"तू वेगळी आहेस म्हणून."

"वेगळी आहे म्हणून पोर विसरले, असं सांगणार तू तिच्या बापाला?"

"तसं नाही गं. मुद्दा तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाचं तू बघ. मला वेगळी म्हणा, अर्धवट म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मला माझ्या वर्गात जाऊ देत म्हणजे झालं. जूनमध्ये सातवीला येतील त्या. मी त्यांना वारे शिकवायचे ठेवलेत."

चौकशीच्या दिवशी पहिली साक्ष एसटीचे ड्रायव्हर मुलाणी यांची झाली. टोपी मांडीवर ठेवून ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"निघताना बाईंनी मुली मोजल्या का?" निकमसाहेबांनी विचारलं.

"मोजल्या की. एकदा दारात उभं राहून. परत आत येऊन, एकेकीच्या डोक्याला हात लावत. दोन बारी सेहेचाळीसच भरली, म्हणून मी गाडी काढली."

"यादीत किती?"

"सेहेचाळीस," बाबर सर म्हणाले. संस्थेची बाजू तेच मांडत होते.

"आणि एक मागं राहिलेली. म्हणजे गाडीत पंचेचाळीस. मग मोजणी सेहेचाळीस भरली कशी?"

मुलाणींनी डोकं खाजवलं. "आता ते, साहेब, सगळी मिळून भरली ना ती..."

बाबर सर मोठ्यानं खाकरले. "साहेब, मोजताना चुकल्या. तोच तर आरोप आहे."

"दोन वेळा?"

"दोन्ही वेळा. बाईंचं तसं आहे. संस्थेत सगळ्यांना ठाऊक आहे."

निकमसाहेबांनी आक्काकडे पाहिलं. "काय बाई?"

"चुकले असेन, साहेब," आक्का म्हणाली. "माझं होतं तसं."

"बचाव सहायक, तुम्हाला या साक्षीदाराला काही विचारायचंय?"

"काही नाही, साहेब," मी म्हणालो.

मुलाणी उठले. जाताना त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग टोपी घातली आणि गेले.

त्यानंतर मी उभा राहिलो आणि निसर्गाबद्दल ते वाक्य बोललो. साहेबांनी टोकलं तरी मी पंधराच्या पंधरा पानं वाचली. लेखनिकानं मध्येच लिहायचं थांबवून हाताची घडी घातली. सचिवांनी मान डोलावली, पण ती झोपेनं. मी बसलो तेव्हा मला घाम आला होता, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटत होतं.

मग गणपत घोंगडेला बोलावलं. त्याचं स्टँडसमोर पंक्चरचं दुकान होतं. हात धुऊन आला होता, तरी नखात काळं होतं. तो माझं सगळं भाषण दाराबाहेर उभा राहून ऐकत होता.

"साहेब, बाई वाईट आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. माझी पोरगी घरी येऊन परातीत पाणी ओतून मला नदी दाखवती. तसं शिकवणारं आमच्या येळेला कुणी नव्हतं." तो थांबला. "सर म्हंत्यात बाईंचं डोकं वेगळ्या पद्धतीचं हाय. असंल. मी शिकलेला न्हाई. पण माझ्या पोरीला त्या डोंगरात जी भीती वाटली ती काय वेगळ्या पद्धतीची नव्हती, साहेब. ती आपली नेहमीचीच होती."

लेखनिकानं पुन्हा पेन उचललं.

"त्यांचं बरोबर आहे," आक्का म्हणाली.

मी टेबलाखाली तिचा पाय दाबला. तिनं पाय काढून घेतला आणि घोंगडेला विचारलं, "वृषाली आता न्हाणीत जाते का हो एकटी?"

"जाती. दार उघडं ठेवून."

"हं," आक्का म्हणाली, आणि त्यानंतर त्या खोलीत ती काही बोलली नाही. पण साळुंक्यांकडेही तिनं पाहिलं नाही.

महिन्याभरानं अहवाल आला. अकरा पानं. त्यातली चार माझ्या युक्तिवादावर होती. निकमसाहेबांनी तो संपूर्ण ग्राह्य धरला होता. त्यांनी लिहिलं होतं की बचाव सहायकांच्या म्हणण्याप्रमाणे सदर अवस्था हा आजार नसून निसर्गदत्त व कायमस्वरूपी भेद आहे. ज्याअर्थी तो कायमस्वरूपी आहे, त्याअर्थी असा प्रकार पुन्हा घडणार. सबब बाईंना विद्यार्थिनींच्या सान्निध्यातील कोणतेही काम देऊ नये. मी तो परिच्छेद वर्गात शिकवतो तसा तीनदा तपासला. अनुमान निर्दोष होतं.

आक्काला दप्तरखान्यातली खुर्ची मिळाली. ती असमर्थ आहे म्हणून देणार होते तीही हीच खुर्ची. आता ती वेगळी आहे म्हणून मिळाली, एवढाच काय तो फरक. दप्तरखाना मैदानाच्या मागच्या बाजूला होता. खिडकी वर, छताजवळ. त्यातून मुलींचा आवाज यायचा. मुली दिसत नसत.

आणि आक्का मोजायला लागली. आधी मला कळलं नाही. जेवताना ती ताटातल्या पोळ्यांवर बोट ठेवायची. जिना चढताना ओठ हलायचे. कुलूप लावून झालं की तीन वेळा ओढायचं, ते ओढलेलंही मोजायचं. आता तिच्या घरात काही हरवत नव्हतं. कुकर जळत नव्हता. डॉक्टर इनामदार म्हणाले, गोळ्यांचा चांगला परिणाम आहे. बोलता बोलता ती मध्येच उठून जात नसे, कारण ती फारसं बोलतच नसे.

दर रविवारी माझी मुलगी मैत्रेयी तिच्याबरोबर बाजारात जायची. ती सहा वर्षांची होती. एका रविवारी मैतू चपला घालून आक्काच्या दारात उभी राहिली, आणि आक्कानं तिला आत घेतलं नाही.

"मन्या, हिला घेऊन जा."

"अगं, ती सकाळपासून तयार होऊन बसलीय."

"नको. हात सुटला म्हणजे?"

"तुझ्या हातून कशाला सुटतोय?"

"एकदा सुटलाय ना," आक्का म्हणाली. "आता घेऊन जा म्हणते ना मी. माझा भरवसा नाही रे." आणि तिनं दार लावून घेतलं. आतून कडी तीनदा ओढल्याचा आवाज आला.

मैतू तिथंच उभी राहिली. "आत्या माझ्यावर रागावलीय?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणालो. त्या वेळी तिला खरं सांगता आलं असतं. मला ते आधीपासून ठाऊक होतं.

मैतू त्या सहलीला गेली होती. शिक्षकांच्या घरची पोरं सहलीला यादीबाहेर जातात. कुणाला विचारायचं नसतं, कुणी विचारत नाही. त्या सकाळी फाटकाशी आक्का म्हणाली होती, "आज मी एकटी आहे रे, आज नको." मी म्हणालो, "एक पोर काय जड होतंय तुला," आणि मैतूला गाडीत चढवून कामाला गेलो. संध्याकाळी, घोंगडेची जीप अजून वाटेत असताना, मैतू आमच्या स्वयंपाकघरात पोहे खात आईला सांगत होती, "आत्यानं सगळ्यांच्या डोक्याला हात लावला. मी मागच्या बाकावर शेवटची होते. माझ्या डोक्याला हात लावून ती म्हणाली, सेहेचाळीस."

आक्कानं दोन्ही वेळा बरोबर मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबर सर माझ्याकडे आले. चहा घेतला नाही. "सर, यादीबाहेरच्या मुलीचा विषय निघाला तर सहलीच्या परवानगीवर सही माझी आहे, आणि पोर तुमची आहे. तुमच्या नोकरीच्या कायम मान्यतेचा प्रस्ताव संस्थेकडे पडलाय, तो तसाच पडून राहील." दारात चपला घालता घालता ते म्हणाले, "आणि बाईंचं काय, त्यांचं तसंही काहीतरी आहेच की." एडीएचडीचं नाव तेव्हा आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. ते मी नंतर सांगलीहून आणलं.

चौकशीच्या आठवडाभर आधी आक्कानं मला विचारलंसुद्धा. ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"मन्या, मी मैतूला धरून मोजलं असेन का रे?"

"छे. मैतू पुढं ड्रायव्हरजवळ बसली होती. तू मागच्या रांगा मोजल्यास."

"पुढं होती? मला ती मागं होती असं वाटतंय."

"आक्का, तुला वाटतं."

तिनं ओटा पुसला. मग म्हणाली, "हो रे. मला काय, वाटतं." आणि तिनं गॅस बंद केला, आणि बंद झाला का ते माझ्याकडून बघून घेतलं.

आक्काला जाऊन तीन वर्षं झाली. निवृत्तीला तेवढीच उरली होती. मैतू आता पुण्यात शिकते; तिला ती सहल आठवत नाही. मला कायम मान्यता त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिळाली.

चौकशीनंतर संस्थेनं परिपत्रक काढलं: यापुढं प्रत्येक सहलीला दोन शिक्षक हवेत, प्रत्येक थांब्यावर दोघांनी स्वतंत्र मोजणी करावी आणि वहीत सह्या कराव्यात. यादीबाहेरच्या मुलांबद्दल त्यात काही नव्हतं. पुढच्या डिसेंबरात सहावीची सहल धरणावर गेली, तेव्हा पहिल्या बाकावर बाबर सरांचे दोन नातू बसले होते.